तीन मोज, मग वाच

मी आज जो काही आहे तो दिगंबर सोनकांबळे सरांमुळे आहे. हे वाक्य मी त्यांच्यासमोर एकदाही बोललो नाही. दीड महिन्यापूर्वी एका रविवारी सकाळी बेंगळुरूत खोलीच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होतो, तेव्हा त्यांच्या मुलीचा, सुजाताताईंचा, लातूरहून फोन आला. "बालाजी, पप्पा गेले रे..." एवढंच त्या बोलल्या. मी "कधी?" असं विचारलं, पण खरं सांगायचं तर जिभेवर दुसराच प्रश्न आला होता. सरांना माझं पत्र मिळालं होतं का? ज्या माणसानं आपल्याला उभं केलं तो गेला आणि आपल्याला आपल्या पत्राची पडली आहे, याची मला अजून लाज वाटते. पण त्या पत्राबद्दल सांगितल्याशिवाय मला सरांबद्दल काही सांगता येणार नाही.

माझं गाव भोकर तालुक्यातलं. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेला मीच पहिला. नांदेडला पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्सला नंबर लागला तेव्हा वडील सोडायला आले आणि फाटकापाशीच थांबले. पालकांनी आत जायचं असतं की नसतं, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. तिथं पांढरा कोट घातलेला एक उंच, सडपातळ माणूस सायकलला कुलूप लावत होता. "आत या की. फाटक काय चावत न्हाई," असं म्हणत त्यांनी वडिलांना थेट प्रयोगशाळेत नेलं आणि स्टुलावर बसवलं. मला वाटलं, हेच प्राचार्य. नंतर कळलं की ते प्रयोगशाळा सहायक आहेत, कागदोपत्री 'सर' नाहीतच. पण आम्ही मुलं त्यांनाच सर म्हणायचो, कारण वर्गात जे फळ्यावर राहायचं ते हातात उतरायचं त्यांच्याकडेच.

सर मूळचे किनवटकडचे. ही नोकरी लागण्याआधी काही वर्षं त्यांनी नांदेडच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, एका गोदामावर पोत्यांची मोजदाद केली होती. त्यामुळं त्यांची सगळी उदाहरणं गोदामातली. आणि त्यांची एक सवय आम्हा सगळ्यांच्या हाडात शिरली होती. प्रयोगशाळेत काट्याचे जुने मीटर होते. खटका एका जागेवरून दुसऱ्या जागेवर फिरवला की काटा थोडा वेळ थरथरायचा. आम्ही घाईघाईनं आकडा लिहून मोकळे व्हायचो आणि तो निम्मा आधीच्या जागेचा असायचा. मग मागून आवाज यायचा, "लई घाई हाय का, बालाजीराव? गाडी चुकून राहिली का? तीन मोज, मग वाच." ते स्वतःच मोजायचे. "एक... दोन... तीन... हां. आता तो तुझ्याशी बोलून राहिला. इतका वेळ मागच्याशीच बोलत व्हता."

दुसऱ्या वर्षी मी एक आयसी, म्हणजे नखाएवढी चिप, उलटी बसवली आणि जाळली. कोणी बघायच्या आत ती काढून खिशात घातली. सर दोन टेबलं ओलांडून माझ्यापाशी आले आणि उभे राहिले. "बालाजीराव, खिशात काय शिजून राहिलं?" सगळी मुलं हसली. मी रडवेला होऊन म्हणालो, "सर, माफीपत्र लिहून देतो." तर ते म्हणाले, "माफीनं ती जिती होती का? हकीकत लिही." हकीकत म्हणजे त्यांच्या प्रयोगशाळेचा कायदाच होता. ज्याच्या हातून काही बिघडेल त्यानं एका कागदावर तीन गोष्टी लिहायच्या: काय केलं, कधी कळलं, कळल्यावर काय केलं. 'क्षमस्व' लिहिलेलं चालायचं नाही, कागद परत यायचा. मी तिसऱ्या ओळीत लिहिलं, 'कळल्यावर खिशात घातली.' सरांनी ते वाचलं आणि पहिल्यांदाच गंभीर झाले. "पहिल्या दोन ओळी कोणाच्याही हातून होत्यात," ते म्हणाले. "तिसरी ओळ तेवढी आपल्या हातात राहती." कागद त्यांनी कपाटात ठेवला. विषय संपला. पुढच्या आठवड्यात नवीन आयसी माझ्याच हातात देऊन बसवायला लावली.

पुढं डिग्री झाली आणि बेंगळुरूला नोकरी लागली, ती चिप तपासण्याची. चिप बनवायला जाण्याआधी तिचा आराखडा संगणकावर चालवून बघायचा, हजार तऱ्हांनी तिच्याकडून चूक करवून घ्यायचा प्रयत्न करायचा आणि शेवटी सही करायची की हिच्यात चूक सापडली नाही. सही झाली की आराखडा कारखान्यात जातो, तिथून परत येत नाही. माझ्या वाट्याला आलेला भाग म्हणजे अनेक रांगांची साठवण-स्मृती, आमच्या भाषेत मल्टी-क्यू बफर. सुट्टीत सरांना सांगायला गेलो तेव्हा मी इंग्रजीत अडखळत होतो. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे मोंढ्यातलं गोदामच की रे!" मग मला माझंच काम त्यांनी समजावलं. गोदाम एक, व्यापारी अनेक. जमिनीवर चुन्याच्या रेघा मारून प्रत्येकाची जागा ठरवलेली. ज्याचा माल जास्त त्याची रेघ सरकवून जागा वाढवायची. पुढच्या दारानं पोती आत, मागच्या दारानं बाहेर, आणि प्रत्येकाचं जुनं पोतं आधी बाहेर. एका व्यापाऱ्याचे ट्रक अडले तरी दुसऱ्याचा माल थांबता कामा नये. चिपमध्ये पोत्यांच्या जागी माहितीचे तुकडे असतात. कोणाचा फोन, कोणाचा व्हिडिओ, कोणाची तब्येतीची नोंद, सगळं वेगवेगळ्या वेगानं येतं आणि एकाच जागेत आपापल्या रांगेत थांबतं. दारावर एक पाटी असते. आत्ता ज्या रांगेत माल चालला आहे ती भरली की नाही, एवढंच ती सांगते. सरांना ती पाटी फार आवडली होती. फरक एकच, मी त्यांना सांगितला. गोदामात जागा नसली तर पोतं रस्त्यावर तरी दिसतं. चिपमध्ये जागा नसलेला तुकडा नाहीसा होतो. आवाजसुद्धा होत नाही. सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "लई जोखमीचं काम हाय तुझं."

निवृत्तीनंतर सर लातूरला सुजाताताईंकडं राहायला गेले. मागच्या वर्षी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. फोनवर बोलणं संपलं. मोबाईलवर लिहायचा त्यांना कंटाळा, म्हणून ताईंनी नातवाची दगडी पाटी त्यांच्या उशाशी ठेवली. मी पत्र पाठवायचो, ते पोस्टकार्डावर चार ओळी लिहायचे. अक्षर तसंच, छापल्यासारखं.

आता ते, जे सांगायचं मी टाळत आलो आहे. यंदा आमची चिप कारखान्यात जायला सहा दिवस उरले होते. माझी सही झालेली होती. शुक्रवारी दुपारी तपासणीची जुनी फाईल आवरताना माझ्याच हातानं लिहिलेली एक ओळ दिसली. रांग बदलल्यावर तीन ठोके, म्हणजे चिपच्या आतल्या घड्याळाचे ठोके, थांब, मग माल आत टाक. मी स्वतःला विचारलं, तीनच का? कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. माझ्या हातानं ते आपोआप लिहिलं होतं. सहज म्हणून ती ओळ काढली आणि तपासणी पुन्हा चालवली... एक तुकडा कमी आला. परत चालवली. परत कमी. रांग बदलली की दारावरची पाटी लगेच बदलत नव्हती. दोन ठोके ती मागच्या रांगेचीच हकीकत सांगत राहायची. नवी रांग भरलेली, पाटीवर मात्र 'जागा आहे', आणि तेवढ्यात आलेला तुकडा गायब. सहा महिन्यांत हे एकदाही दिसलं नव्हतं, कारण माझी प्रत्येक तपासणी खटका फिरवून तीन मोजत होती. ही चिप ज्या यंत्रात बसणार होती त्याला कोण मोजायला शिकवणार होतं?

मी संगणक बंद केला. कोणालाही काही बोललो नाही. शनिवारी लातूरला जायचं आधीच ठरलं होतं, सरांची तब्येत खालावल्याचं ताई कळवत होत्या. गाडीत पूर्ण वेळ एकच विचार होता: सरांना सांगू, ते काय म्हणतील तसं करू. पण खोलीत शिरलो आणि दारातच थांबलो. सर पलंगाच्या कडेला एवढेसे झाले होते. मागं भिंतीवर बुद्धाची तसबीर, खिडकीत औषधाच्या बाटल्या. मला बघून त्यांनी पाटी ओढली आणि लिहिलं, 'वाळलास. बेंगळुरूत जेवायला मिळत न्हाई का?' मी हसलो. त्यांनी पुसलं आणि लिहिलं, 'गोदाम?' मी म्हणालो, "चांगलं चाललंय, सर." त्यांनी पुन्हा लिहिलं, 'चिप निघाली का?' माझ्या तोंडून निघालं, "हाव सर, निघाली. सगळं ठीक झालं." त्यांनी माझ्याकडं बघितलं. चष्म्याच्या काचेतून, बराच वेळ. मला वाटलं ते तीन मोजत आहेत. मग त्यांनी खडू ठेवला, माझा हात हातात घेतला आणि डोळे मिटले. ताई चहा घेऊन आल्या तेव्हा म्हणाल्या, "आज लई दिवसांनी खूश दिसून राहिले पप्पा." 

सोमवारी सकाळी मी आमच्या प्रमुख शालिनी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न होता, "तू आणखी कोणाला बोललास?" मी म्हणालो, "माझ्या सरांना. पत्र आत्ताच पेटीत टाकून आलो." त्यांनी फोन उचलून कारखान्याला कळवलं. चिप थांबली. पाटी बदलेपर्यंत दार बंद ठेवायचं, एवढीच दुरुस्ती होती, पण कारखान्याची पाळी चुकली आणि तिला नवीन दिवस मिळायला फार धावपळ झाली. नोकरी गेली नाही. सहीचा अधिकार मात्र सध्या माझ्याकडं नाही, आणि पुढं मिळेल की नाही हेही कोणी सांगत नाही. रोज सकाळी कामावर जाताना त्या सहीची आठवण येते. ती येणं बरोबर आहे असं मला वाटतं.

त्याच आठवड्यात रविवारी ताईंचा तो फोन आला. सरांच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमाला लातूरला गेलो तेव्हा माणसं पांगल्यावर ताईंना अखेर पत्राबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "मिळालं की. शुक्रवारी आलं. मी वाचून दाखवते म्हनले तर हातातून ओढून घेतलं. दोनदा वाचले."

"मग? पाटीवर काही लिहिलं?"

"न्हाई रे. मला म्हनले, म्हंजे खुणेनं, कपाटातला तो गठ्ठा दे."

तो गठ्ठा ताईंनी माझ्यापुढं आणून ठेवला. प्रयोगशाळेतल्या सगळ्या हकीकती सरांनी निवृत्तीच्या वेळी घरी आणल्या होत्या, सुतळीनं बांधून. प्रत्येकीवर कोपऱ्यात लाल पेनानं नंबर. माझी खिशातल्या आयसीचीही त्यात होती. सगळ्यात वर माझं पत्र होतं, मागच्या हकीकतीच्या पुढचा नंबर घातलेलं. आकडा थोडा हललेला होता. सर रागावले होते, दुखावले होते की त्यांना बरं वाटलं होतं, हे त्या नंबरावरून मला कळलं नाही. कधी कळणारही नाही. ताईंनी पत्र मला परत देऊ केलं. मी ते गठ्ठ्यातच राहू दिलं, फक्त उतरवून घेतलं. ते असं होतं.

'आदरणीय सर,

सा. नमस्कार. ही हकीकत आहे.

काय केलं: रांग बदलल्यावर पाटी खरी व्हायला वेळ लागतो, हे मी तपासायला हवं होतं. ते न तपासता मीच प्रत्येक वेळी तीन ठोके थांबलो, त्यामुळं चूक लपली आणि मी सही केली. तुम्ही शिकवलं त्यात खोट नाही. तुम्ही ते मीटर वाचणाऱ्याला शिकवलं होतं. मी चुका शोधायला बसवलेला माणूस, मी थांबायला नको होतं. हे तुम्हाला सांगायची मला सगळ्यात जास्त भीती वाटत होती, कारण तुम्हाला तुमची सवयच चुकीची वाटेल असं मला वाटलं.

कधी कळलं: शुक्रवारी दुपारी. म्हणजे तुमच्याकडं आलो तेव्हा मला माहीत होतं.

कळल्यावर काय केलं: आधी काहीच नाही. संगणक बंद केला. मग लातूरला येऊन तुमचा हात हातात असताना तुमच्याशी खोटं बोललो. ही ओळ मी तीनदा लिहून तीनदा फाडली. आता तशीच ठेवतो.

आत्ता सोमवारची सकाळ आहे. ऑफिससमोरच्या टपालपेटीपाशी उभा राहून शेवटचं लिहितोय. हे आधी पेटीत टाकणार आणि मग आत जाणार, म्हणजे मला मागं फिरता येणार नाही. तुम्ही विचारलं होतं ना, चिप निघाली का?

नाही सर. अजून निघालेली नाही. थांबवायला चाललोय.

तुमचा,
बालाजी'