टांग्याखालचा कर्नल

घोड्यांबद्दल माझ्या मावशीच्या यजमानांना जेवढं ठाऊक होतं तेवढं अख्ख्या नगर जिल्ह्यात कुणाला ठाऊक नसेल, आणि त्यातलं निम्मं तरी साफ चूक होतं. घोडीला आरसा दाखवला की तिची पोटदुखी थांबते, उजव्या कुशीवर झोपणारं घोडं कधी चावत नाही, घोड्यासमोर दुसऱ्या घोड्याची स्तुती केली तर ते दोन दिवस चारा सोडतं, अशी शास्त्रं त्यांच्याकडे ढिगानं होती. पुरावा मागितला तर "मी कॅम्पात हुतो," एवढंच म्हणायचे. इंग्रजांच्या अमलात, ऐन तरुणपणी, ते नगरच्या कॅम्पात एका साहेबाच्या तबेल्यात मोतद्दार होते. तिथं ते एक वर्षच टिकले. का, ते मावशी सांगायची, पण काका घराबाहेर गेल्यावर.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी मी मास्तरीण म्हणून नोकरीला लागले. शाळा प्रवरेच्या पुलापलीकडे आणि मावशी पुलाअलीकडे, कोल्हारात, म्हणून मी तिच्याकडेच राहिले. काका टांगा चालवायचे. घोडीचं नाव चंद्री. आदल्या उसाच्या हंगामात पुलावर एक ट्रक टांग्याला घासून गेला आणि टांग्याचं चाक कठड्यावर आपटलं. कुणाला खरचटलंही नाही, पण तेव्हापासून चंद्री पुलाच्या तोंडाशी आली की खिळल्यासारखी उभी राहायची. चुचकारा, ओढा, गूळ दाखवा, ती पाय उचलायची नाही. मग सगळे उतारू खाली उतरून पूल पायी ओलांडत आणि पलीकडे एस.टी.ची वाट बघत बसत. काका या प्रकाराला 'अर्धी फेरी' म्हणत आणि लोकांनी कुरकुर केली की दुखावले जात. हळूहळू माझ्याशिवाय टांग्यात क्वचितच कुणी बसे. मीही घरच्या माणसाचा मान म्हणून बसायची.

शेवटी मावशीनं निकाल दिला. "संक्रातीपत्तुर घोडी पुलावरनं गेली तर ठीक. न्हाईतर लोणीच्या बाजारात न्हिऊन इकायची." काका जेवत होते, ते थांबले. चंद्रीला त्यांनी शिंगरू असल्यापासून वाढवलं होतं. एरवी चार भाकरी संपवणारा तो माणूस त्या दिवशी दुसरी भाकरी अर्धी टाकून उठला, आणि मला त्यांची फार दया आली.

दुसऱ्याच दिवशी ते शर्टाच्या आत घालून कुत्र्याचं एक पांढरंशुभ्र पिल्लू घेऊन आले. "साहेबाच्या बग्गीखाली कुत्रं पळायचं," त्यांनी मला समजावलं. "चाकाच्या आसाखाली, घोड्याच्या मागल्या पायाशी. कुत्रं पायाशी असलं की घोडं दम धरतं." साहेबाच्या कुत्र्याच्या अंगभर काळे ठिपके होते, असंही ते म्हणाले. हे पिल्लू तर कोरं दिसतंय, असं मी म्हटलं. त्यावर काकांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "ठिपके मागनं पडत्यात, मास्तरीणबाई. आसाचं वंगण गळतं न्हवं त्याच्या पाठीवर? जितके ठिपके तितकी नोकरी." ती कुत्र्यांची जातच तशी असते, हे मी सांगायला गेले, तर म्हणाले, "साहेबाच्या कुत्रीची पिल्लं माझ्यासमोर झाली. पांढरीफेक हुती सगळी. बग्गीखाली पळाया लागल्यावर काळी झाली." त्या जातीची पिल्लं खरोखरच बिनठिपक्यांची जन्मतात, हे मला पुढं कितीतरी वर्षांनी कळलं. तेव्हा मात्र विज्ञान शिकवत असूनही मला ते ठाऊक नव्हतं.

पिल्लाचं नाव त्यांनी कर्नल ठेवलं आणि हुद्द्याचा मान राखून ते त्याला अहोजाहो करू लागले. "कर्नल, खाली उतरा," "कर्नल, बाईंची चप्पल द्या," असं दिवसभर चालायचं. मावशी त्याच कर्नलला 'मुडद्या' म्हणायची आणि तो तिचंच ऐकायचा. आसाखाली पळणं सोडून बाकी सगळं कर्नलला जमत होतं. तो कोंबड्यांमागे जायचा, बाजारकरणींच्या पाट्यांत तोंड घालायचा, आणि दमला की थेट टांग्यात उडी मारून सगळ्यात जाड माणसाच्या मांडीवर झोपायचा. काकांनी त्याला चिंधीनं आसाला बांधून पाहिलं. त्यानं चिंधी खाल्ली. मग त्यांनी एक नामी युक्ती काढली. आसाला सुकट बोंबलाची पुरचुंडी बांधली, म्हणजे वासानं कर्नल जागेवर राहील. त्या दिवशी नेमके आमचे माळकरी हेडमास्तर टांग्यात बसले होते. वाटेत त्यांनी उपरण्यानं नाक दाबून विचारलं, "कसला हो हा वास?" काका मान न वळवता म्हणाले, "कारखान्याच्या मळीचा हाय, गुर्जी." एवढ्यात हेडमास्तरांनी मागे पाहिलं. टांग्याच्या मागून गावातली सात कुत्री आणि एक मांजर शिस्तीत चालत येत होती. कर्नल तेवढा त्यांच्यात नव्हता. तो हेडमास्तरांच्या पायाशी झोपला होता.

संक्रांत दोन दिवसांवर आली तरी कर्नलच्या पाठीवर मोजून तीन ठिपके होते, आणि त्यातला एक मावशीच्या मशेरीचा होता. गोठ्यात बसून काका चंद्रीची आयाळ विंचरत राहायचे. विंचरून झाली तरी विंचरायचे.

त्या सकाळी मावशी स्वतः टांग्यात चढली. "चला, म्या बघते कशी जात न्हाई," म्हणाली. मी पुढं काकांच्या शेजारी बसले. पुलाच्या तोंडाशी चंद्री नेहमीसारखी थबकली. तेवढ्यात समोरून उसाचा ट्रक आला आणि त्यानं असा हॉर्न वाजवला की मीही टांग्याची दांडी घट्ट धरली. कठड्यापाशी शेळीवर भुंकत असलेला कर्नल शेपूट घालून पळत आला आणि लपायला जागा शोधत आसाखाली, थेट चंद्रीच्या मागल्या पायांशी घुसला. काका ओरडायच्या ऐवजी पुटपुटले, "अरं, लाथ बसंल त्येला," आणि वाकून खाली बघू लागले. बघता बघता चंद्रीनं एक पाय उचलला, मग दुसरा. ट्रक शेजारून धडधडत गेला तरी ती थांबली नाही. पूल संपेपर्यंत काका वाकलेलेच होते. पलीकडे पोचल्यावर ते ताठ बसले आणि मावशीला म्हणाले, "ह्याला म्हंत्यात ट्रेनिंग." मावशीनं पदरानं डोळे पुसले आणि धूळ लई उडती म्हणाली.

मी मात्र रोज शेजारी बसत असल्यानं एक गोष्ट पाहिली होती. पूल आला की काकांच्या हातात लगाम इतका आवळला जायचा की त्यांची बोटं पांढरी पडत. चंद्रीनं तरी पाऊल कसं टाकावं? त्या दिवशी वाकून कुत्र्याकडे बघताना पहिल्यांदाच त्यांचा हात सैल पडला होता. हे मी कुणालाच सांगितलं नाही. पुढची पाच वर्षं कर्नल आसाखाली पळत राहिला आणि काका पूल ओलांडताना वाकून त्याची खुशाली विचारत राहिले.

मग टेम्पो आले, टांगा गेला. चंद्री आणि कर्नल दोघंही म्हातारे होऊन घरच्या दारातच गेले. माझी बदली झाली. बऱ्याच वर्षांनी कोल्हारला गेले तेव्हा काका मला एस.टी.त बसवायला निघाले. मला जुनी शाळा बघायची होती, म्हणून पलीकडूनच एस.टी. धरायची ठरवली. पुलाच्या तोंडाशी ते थांबले. तंबाखू काढली, मळली, पुन्हा डबीत ठेवली. ट्रकांची रीघ लागली होती. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तुला भ्या वाटतं का गं, मास्तरीणबाई?"

मला मुळीच वाटत नव्हतं. "वाटतं की, काका," मी म्हटलं.

"मग हात धर," ते म्हणाले. आम्ही दोघं कठड्याच्या कडेनं हळूहळू पलीकडे गेलो.