पानातलं मीठ

कालिंदीकाकूंच्या हाताला चव होती, पण तोंडाला कुलूप नव्हतं. दुर्गाघाटाच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक. पती नरहरशास्त्री यात्रेकरूंचं गंगापूजन सांगत. पूजन झालं की पंगत घरीच, आणि स्वयंपाक काकूंचा, सोवळ्यातला. देवाला दाखवण्याआधी चाखायची सोय नाही. मीठ सगळं अंदाजाचं. खिडकीतून शेजारच्या बकुळशी बोलणं रंगलं, की आमटीत मीठ दोनदा पडलंच म्हणून समजावं.

त्या चैत्रात ग्वाल्हेरची मंडळी पहिल्याच घासाला पाण्याकडे वळली. धाकटे दीर रत्नाकर म्हणाले, "वहिनी, गंगेत समुद्र मिसळलात की हो!"

पंगत उठल्यावर शास्त्रीबुवा म्हणाले, "अगं, अन्नपूर्णा गोड मानून घेईल, लोक नाही घेणार. एखादा स्वयंपाकी महाराज बघू."

लग्न होऊन आल्यापासून ती चूल काकूंची. देवाची सेवा म्हणून त्यांनी एवढंच केलेलं.

"उद्या ही मंडळी आहेतच ना? मीच करणार," त्या म्हणाल्या. "उद्या चुकलं, तर महाराजाच्या हातात पळी मी स्वतः देईन."

सकाळी देवापुढे हात जोडून त्यांनी मौन धरलं. बकुळनं हाका मारल्या. काकूंनी पाठ फिरवली. आमटीला उकळी आली आणि गच्चीवरून माकड उतरलं. त्यानं खिडकीतली खोबऱ्याची वाटी उचलली.

"अरे मेल्या, भाग! तेरे बाप का है?"

वाटी गेली, मौनही गेलं. काकू वळल्या. मीठ घातलं होतं की नाही?

दाराबाहेरून रत्नाकर म्हणाले, "हनुमानजींशी बोललं तर चालतं वाटतं?"

"तुम्ही गप्प बसा, भावजी!"

त्यांनी चिमूट भरली आणि हात तसाच धरला. आपण अशाच. उद्या पुन्हा बोलणार, परवाही. मग आपला स्वभाव सुधारेपर्यंत लोकांनी खारट खायचं? अळणीला उपाय असतो, खारटाला नसतो. त्यांनी चिमूट परत मिठाच्या भांड्यात सोडली.

नैवेद्य झाला. पानात मीठ आधी वाढायची रीतच. आज काकूंनी ते स्वतः वाढलं, जरा सढळ हातानं. मग पंक्तीसमोर उभ्या राहिल्या.

"आमटी अळणी असेल. माझं लक्ष उडालं. पानातलं मीठ घ्या."

शास्त्रीबुवांची मान खाली गेली. ग्वाल्हेरच्या आजीबाईंनी आमटी चाखली, वर मीठ भुरभुरलं, पुन्हा चाखली.

"आमची सून सांगत सुद्धा नाही हो," त्या म्हणाल्या. "वाढा अजून."

जेवणं उरकल्यावर शास्त्रीबुवा आत आले. "महाराजाचं राहू दे. पण हे असं रोज सांगणार?"

"चुकेन त्या दिवशी सांगणार."

काकू उद्याचे तांदूळ निवडायला बसल्या. समोरून बकुळ म्हणाली, "सकाळी रुसला होतात का हो, काकू?"

काकूंनी सूप खिडकीशी ओढलं. तांदूळ निवडताना बोललं तर चालतं.