मी नुसते आकडे म्हटले

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या आईलाही नाही. तुम्हाला का सांगतेय — ते मलाच धड कळत नाही.

माझे मालक जिंतूरला ट्रकवर कापसाच्या गाठी रचताना खाली पडले. मानेजवळ मणक्याला मार बसला. ऑपरेशन झालं, जीव वाचला. पण छातीखालचं अंग असून नसल्यासारखं झालं. परभणीच्या फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी मला व्यायाम शिकवला — घोटा, गुडघा, खुबा, एकेक सांधा वीस वेळा, सकाळ-संध्याकाळ. म्हणाल्या, "नस कधी जागी होईल, सांगता येत नाही. पण सांधे आखडले तर ती जागी होऊनही उपयोग नाही. एवढं मात्र तुमच्या हातात आहे."

माझ्या हातात — समजतंय ना तुम्हाला?

दोन महिने मी केलं. रोज. मग... दमले होते असं म्हणता येईल. कापूस वेचून यायचे, दमायचेच. पण ते खरं कारण नव्हतं. त्या गार, जड पायांची मला किळस यायला लागली होती. उचलले की वाटायचं, मेलेलं काहीतरी उचलतेय. आणि आशा? ती कधीच सुटली होती — माझी. त्यांची नाही.

त्यांच्या मानेला पट्टा होता. खाली बघता येत नव्हतं, पायाला काही कळत नव्हतं. एका संध्याकाळी मी खाटेच्या पायथ्याशी बसले, हात मांडीवर ठेवले, आणि नुसते आकडे म्हटले. एक, दोन, तीन — वीसपर्यंत. तेही माझ्याबरोबर मोजत होते. दुसऱ्या दिवशी तसंच. पुढं चार महिने तसंच. कसं जमलं मला?

एकदा ते मधेच थांबले. "आज डाव्या पायात कायतरी जाणवायलंय. जरा जोरात दाबलंस का?"

मी हातही लावला नव्हता. मी "हो" म्हटलं.

तो भास असेल, असं मी स्वतःला समजावलं. पुढच्या तपासणीला मॅडमनी तळव्याला टाचणी टोचली, तर ह्यांना कळली. खरंच कळली. मग मॅडमनी गुडघा सरळ करून बघितला — होईना. घोटाही वळेना. "या पायांवर यांना उभं कसं करायचं?" त्या म्हणाल्या. "व्यायाम रोज होतो ना?"

माझं तोंड उघडायच्या आत हेच बोलले, "एक दिवस चुकवला न्हाई हो तिनं."

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या.

आता रोज करते. सांधे सुटत नाहीत. हे खुर्चीवर दारात बसतात, भेटायला येईल त्याला सांगतात, "हिनं लय केलं. माझ्याच अंगात दम न्हवता."

मी तिथंच उभी असते, चहाचे कप घेऊन. चार वर्षं झाली. मी त्यांना तसंच समजू दिलंय.