अडीच सेकंदांचं कारण

शुक्रवार, सकाळचे पाच चाळीस. मार्केट यार्डात कांद्याच्या गाळ्यासमोर अभय रामटेके रिकाम्या क्रेटवर बसून स्टॉपवॉच दाबत होता. समोर त्याच्याच कंपनीचा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा. हमाल गोणी टाकी, आकडा हलून स्थिर होई. पण तो सलग अडीच सेकंद स्थिर राहिल्याशिवाय काटा वजन पक्कं करत नसे.

२००४ साल होतं. काट्यातली जुनी चिप मिळेनाशी झाली होती आणि नव्या चिपसाठी प्रोग्राम पुन्हा लिहायचं काम अभयकडे आलं होतं. जुन्या प्रोग्राममध्ये एके ठिकाणी नुसता आकडा होता, २५००; मिलिसेकंदांत तेच अडीच सेकंद. शेजारी दोनच शब्द: बदलू नये. का, ते नाही. लिहिणारा अमेरिकेत, तीन ईमेलना उत्तर नाही. प्रोग्राम लिहिणारे एकूण चौघे होते. उरलेल्यांपैकी दोघे हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत गेले होते.

मालक जयसिंगरावांनी व्यापाऱ्यांना एका सेकंदात वजन देणारा काटा कबूल करून टाकला होता. "संध्याकाळपर्यंत कारण सापडलं तर ठीक, नाहीतर तो आकडा उडवा," असं त्यांनी बजावलं होतं. उडवल्यावर वजनं चुकली, तर साठ काटे परत येणार होते आणि प्रोग्रामवर नाव एकट्या अभयचं होतं.

लोणी काळभोरहून येणाऱ्या गेनबा हमालाने पंधरावी गोणी टाकली. आकडा ५३.४ वर थांबला. मग एकदम ५१.९ झाला. अभय उठला.

"गेनबा, गोणीवरचा हात कधी काढता?"

"पाठ सरळ झाली की. का? हाताचं बी भाडं लावताय व्हय?"

"हाताचं वजन धरलं जातंय."

"मग मलाच विका की. कांद्यापरीस भाव बरा येईल."

अभयने चाळीस गोण्या मोजल्या. सर्वांत जास्त वेळ टेकलेला हात दोन सेकंदांहून थोडा अधिक. एका सेकंदात वजन पक्कं केलं असतं, तर गोणीमागे दीड किलो हमाल विकला गेला असता.

दुपारी ऑफिसात जयसिंगरावांनी आकडे पाहिले. "राहू द्या अडीच. व्यापाऱ्यांचं मी बघतो." मग त्यांची नजर स्क्रीनवर गेली; अभय प्रोग्राममध्येच आकड्याखाली लांबलचक टीप लिहीत होता. "अहो रामटेके, आपण काटे विकतो की कादंबऱ्या? कोण वाचणार हे?"

"माझ्यानंतर येईल तो."

"आधी येऊ तर द्या."

ते गेल्यावर अभयने आकड्याला नाव दिलं, 'हमालाचा हात निघेपर्यंत'. खाली टीप पुरी केली: कारण, तारीख, जागा आणि चाळीसही मोजमापं. शेजारच्या तीन टेबलांवर आता काट्यांचे सुटे भाग ठेवलेले असत. लिहिलेलं दुसऱ्याला कळतं का, हे पाहायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून त्याने ते स्वतःच मोठ्याने वाचलं. भंडाऱ्याहून पुण्यात येऊन त्याला सहा वर्षं झाली होती. त्या दिवशी त्याच्याशी सर्वांत जास्त बोलला होता तो गेनबा.

साडेसहाला त्याने नवी चिप डबीत भरली. ती त्याच गाळ्यावर, चालू बाजारात लावून पाहायची होती. पण उद्या शनिवार. यार्डातला कांदा-बटाट्याचा बाजार बंद असतो. गेनबाची गाठ आता रविवारीच.