सोवळ्याची जागा

देवांवर माझा विश्वास नव्हता असं नाही, पण देवांना बरोबर घेऊन फिरण्याचा मला भयंकर वैताग होता. आमचे हे मध्यप्रांताच्या जंगलखात्यात रेंजर. थंडी पडली की जबलपूरचं घर सोडायचं आणि कुंडमच्या पलीकडे जंगलात तंबूत जाऊन राहायचं, हा दरवर्षीचा नेम. त्या वर्षी सासूबाईंचे गुडघे धरले. त्यांना देवघरापुढे बसता येईना, आणि सोबतीला होती ती स्वयंपाकीण, तिच्या हाती देव द्यायची त्यांची तयारी नव्हती. म्हणून त्यांनी बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि नर्मदेतला महादेवाचा बाण संपुष्टात ठेवले, म्हणजे देवांच्या प्रवासाच्या तांब्याच्या डबीत, आणि ती डबी माझ्या पदरात घातली. मामंजी गेल्यापासून सासूबाई दिवसभर बोलत त्या त्या बोटभर बाळकृष्णाशीच. निघताना मला बजावलं, "थंड पाण्यानं आंघोळ नको घालू त्याला. पडसं होते." तिथं माझे स्वतःचे दात वाजत होते, त्याची कुणाला काळजी नव्हती.

आमचा तंबू डोंगरावर होता, सालवृक्षांच्या जुनाट रानात. त्या रानाच्या मधोमध एक दलदल होती आणि तिच्यावर यांचा जीव जडला होता. जमिनीतून पाणी पाझरायचं, त्यावर हिरव्यागार शेवाळाची जाड गादी, कडेनं नेचे, आणि भोवती दोघांच्या कवेत न मावणारे साल. ती सगळी जागा राखीव. तिथं गुरं न्यायची नाहीत, फांदी तोडायची नाही, गादीवर पाय ठेवायचा नाही. हे तिच्याबद्दल बोलायला लागले की पानातली भाजी गार व्हायची. मी मनात म्हणायची, घरात देवांचं सोवळं आणि इथं चिखलाचं सोवळं, माणसानं जायचं तरी कुठं.

रोज सकाळी दवानं भिजलेली लाकडं फुंकून फुंकून माझे डोळे सुजायचे आणि पाणी काही तापायचं नाही. एकदा पहाट उजळताना बघितलं तर दलदलीच्या कडेला पाण्यावर वाफ दिसत होती. हात घातला, तर पाणी कोमट. मला इतका आनंद झाला की मी आंघोळ उरकून ओलेत्यानं तशीच देव घेऊन तिकडे गेले. डबी ठेवायला जागा बघू लागले. कडेची माती शिपायांच्या जोड्यांनी तुडवलेली. शेवाळावर मात्र कुणाचंही पाऊल पडलेलं नव्हतं, म्हणजे ती जागा सोवळ्याची. मी हात लांबवून डबी तिथं ठेवली आणि पाणी घ्यायला वळले. मागे गुळूक असा आवाज झाला. वळून बघते तर डबी नव्हती. शेवाळ पुन्हा जुळून आलं होतं.

मी देवांवर चिडले, सासूबाईंवर चिडले, यांच्यावर तर फारच. हे धावत आले. "काहून रडून राहिली? काढून देतो ना मी." मग बांबू घातले, आकडे घातले. अख्खा बांबू आत गेला तरी तळ लागला नाही. शेवटी यांनी माझ्याकडे न बघता हुकूम दिला की खालच्या काठाला चर खणा, पाणी सोडून द्या, आणि शेवाळावर आडवी टाकून उभं राहायला सालाची चार कोवळी झाडं तोडा. एका डहाळीसाठी लोकांना धारेवर धरणारा माणूस हा हुकूम देत होता. मी नको म्हणाले नाही. माझ्या डोळ्यांपुढे रिकाम्या देवघरासमोर बसलेल्या सासूबाई होत्या. त्यांना मी काय सांगणार होते.

चर खणला गेला. काळपट पाणी उतारानं धावू लागलं. अजून झाडांना कुऱ्हाड लागायची होती, तेवढ्यात खालच्या पाड्यावरची एक गोंड बाई डोक्यावर रिकामी घागर घेऊन वर आली. "बाई, नीचे पानी मैला आ रहा है. क्या हो गया?" मी तुटकपणे म्हणाले, "हमारे देव डूब गए इसमें." तिनं घागर खाली ठेवली, चपापून दोन पावलं मागे सरली आणि दलदलीला हात जोडले. मग काळजीनं मला विचारलं, "तो अब इस पानी से हम पाँव धो सकते हैं क्या?"

मला आधी तिचा रागच आला. माझं काय गेलंय आणि ही काय विचारतेय. पण ती खरोखर उत्तराची वाट बघत उभी होती. मी म्हणाले, "धो लो." म्हणताना माझाच आवाज मला ऐकू आला. देवांच्या आंघोळीचं पळीभर पाणी सासूबाई रोज तीर्थ म्हणून घेत. इथं तर सबंध पाडा तेच तीर्थ पिणार होता, आणि आम्ही ते चरातून वाहवून टाकत होतो. मी यांना म्हणाले, "बुजवा तो चर." यांनी लगेच कुऱ्हाडी खाली ठेवायला सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले होते. संध्याकाळपर्यंत चर गवताच्या ढेकळांनी बुजवला. त्या बाईनं काठावरून जपून घागर भरली आणि ती गेली. तिचं नावही मी विचारलं नाही.

मुक्काम हलल्यावर त्या पाण्याचा गडू घेऊन घरी आले. सासूबाईंनी माझ्या पिशवीत हात घातला, चाचपलं आणि विचारलं, "देव कुठी आहेत?" मी सगळं सांगितलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. मला वाटलं, मी ह्यांचं बोलण्याचं माणूसच बुडवून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिकाम्या देवघराशी पाट टाकून त्या कशाबशा बसल्या होत्या. सवयीनं सहाणेवर गंध उगाळत होत्या. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तिथलं पाणी लय गार असेल ना?"

"नाही," मी म्हणाले. "उन्हाळ्यात गार असते म्हणतात. थंडीत कोमट."

त्यांचा हात थांबला. मग म्हणाल्या, "बरं झालं. मला विस्तव पेटवायला उशीर व्हायचा, तो कुडकुडत बसायचा." आणि उगाळलेलं गंध त्यांनी माझ्या गडूला लावलं.

ही कृपा होती की काय, ते मी सांगू शकत नाही. वैतागाची सवय माझी अजून गेलेली नाही. पण दर थंडीत तिथं गेलो की मी पहाटे काठावर बसते आणि पाण्यात हात घालते. पाणी कोमट लागलं की हात जोडते. दुसरं काही मागत नाही.