गोवर्धनची दुसरी बॅटरी

मोऱ्याच्या कोळीवाड्यात 'मी इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहे' असं सांगणारा एकच माणूस होता, गोवर्धन. मुंबईच्या एका दुकानात तो रेडिओ दुरुस्त करायचा. रोज इस्त्रीची पॅन्ट घालून लाँचने जायचा आणि वाड्यात परतला की मासळीच्या पाट्या चुकवत, नाक वर धरून घरी यायचा. इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे काय ते वाड्यात कुणाला कळत नसे आणि म्हणूनच त्याला ते सांगायला आवडे.

एका वस्तूवर भरवसा ठेवणं त्याच्या रक्तात नव्हतं. छत्र्या दोन, दाराला कुलपं दोन, पॅन्टला पट्टा आणि वर खांद्यावरून गॅलिसही. बायको तेवढी एकच, पण ती जमुना होती. तिथे दुसरी कुणाला परवडली असती?

थोरला भाऊ देवजी मात्र पेचात सापडला होता. बाप गेल्यापासून होडीवर तो आणि म्हातारा खलाशी पंढरी, एवढेच उरले होते. जाळं ओढायला तिसरा गडी हवाच. नारळी पौर्णिमेला हंगाम सुरू होतो. तोवर गडी मिळाला नाही तर बापाची होडी वाळूत कुजणार आणि देवजी दुसऱ्याच्या होडीवर खलाशी होणार, हे सगळा वाडा जाणून होता. गोवर्धनही जाणून होता. पण त्याला रेडिओच्या इशाऱ्यावर उडणारं छोटं विमान करायचं होतं.

दुकानातल्या एका श्रीमंत गिऱ्हाइकाने मोडका म्हणून टाकून दिलेला परदेशी संच त्याने दुरुस्त केला होता. हातातल्या पेटीचं बटण दाबलं की विमानातला छोटा रेडिओ ते ऐकतो आणि शेपटी वळवतो, अशी ती युक्ती. इंजिन तेलावर चालायचं, पण त्या रेडिओला वीज द्यायला लोक एक बॅटरी लावतात. गोवर्धनने दोन लावल्या, वर मेण ओतून पाणबंद केल्या. शिवाय मध्ये एकमार्गी वाट ठेवली, म्हणजे एक मेली तरी दुसरीची वीज तिच्यात वाया न जाता सरळ रेडिओला मिळावी. दोन्हींच्या तारा मात्र शेवटी चालू-बंद करायच्या एकाच खटक्यातून जात होत्या. दुसरा खटका लावला तर वजन वाढेल, असं त्याचं म्हणणं. दोन कुलपं लावणाऱ्याला जन्मात एकदा काटकसर सुचली, ती नेमकी इथे.

नारळी पौर्णिमेला सगळा वाडा किनाऱ्यावर जमला, तेव्हा गोवर्धन विमान घेऊन आला.

"एक बसली की दुसरी काम करते," तो ज्याला त्याला सांगत होता. "तिला सांगावं बी लागत नाय."

"आनि तरी पडलं तर?" देवजीने विचारलं.

"बॅटरी मेली आनि इमान पडलं, तर रेडिओ सोडून तुझ्या होडीवर येतो, दादा. एकवीरेची आन!"

देवजीने मान डोलावली. त्याला दुसरी आशाच नव्हती.

नवी होडी नारळाशिवाय पाण्यात जात नाही, मग विमान तसंच कसं सोडायचं? बायकांनी विमानाला मुठी भरभरून हळदकुंकू लावलं. नारळ फोडायचा मान मात्र गोवर्धनने कुणाला दिला नाही. त्याने दगडावर नारळ फोडला आणि सगळं पाणी भक्तिभावाने विमानाच्या पाठीवर ओतलं. खटका पाठीवरच होता. इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला हे दिसायला हवं होतं, पण त्याची नजर लोक आपल्याकडे बघतात की नाही यावर होती.

विमान उडालं. वाड्याने आरोळी ठोकली. पहिल्या फेरीत गोवर्धनची छाती गॅलिसात मावेना. दुसऱ्या फेरीला त्याने बटण दाबलं आणि विमानाने ऐकलं नाही. पुन्हा दाबलं, मग दाबतच राहिला. विमान सरळ घारापुरीची दिशा धरून गेलं, तेल संपलं आणि पाण्यात बसलं.

देवजीनेच लहान नावेतून जाऊन ते आणून दिलं. गोवर्धनने घाईघाईने उघडलं. खटक्यात हळदकुंकवाचा लगदा शिरून आतलं पातं वर उचललं गेलं होतं आणि दोन्हींची वीज तिथेच अडली होती. त्याने बॅटरीला दिवा जोडला, लागला. दुसरीला जोडला, तोही लागला. गोवर्धनचा चेहरा उजळला.

"बघा! एक बी मेली नाय! शर्त बॅटरीची व्हती!"

वाडा हसायचंही विसरला. देवजी पाठ फिरवून होडीपाशी गेला आणि पंढरीबरोबर ती पाण्यात ढकलू लागला. दोघांच्याने ती धड हलेना.

तेव्हा जमुनाने हातातलं ताट खाली ठेवलं, लुगडं खोचलं आणि ती पाण्याकडे निघाली.

"कुठं चाललीस?" गोवर्धन ओरडला.

"होडीवर."

"बाईमानूस? होडीवर?"

"सकालपासनं तुमीच सांगताव ना? एक बसली की दुसरीनं काम करायचं, तिला सांगावं लागत नाय. आमच्या घरातली एक बसली."

मासेमारीच्या होडीत बाईने पाय ठेवायचा नाही, ही वाड्याची जुनी रीत. म्हाताऱ्यांनी तोंडावर हात ठेवले. जमुनाने मात्र होडीचा काठ धरला आणि पाय उचलला. गोवर्धनला त्या क्षणी खरोखर लाज वाटली, आणि ती कुठल्याही एकमार्गी वाटेने थांबेना. बुटांसकट तो पाण्यात शिरला, तिला बाजूला सारून त्याने होडीला खांदा लावला. होडी हलली आणि तो स्वतःच आत चढला.

देवजीने त्याच्या हातात वल्हं दिलं.

"दादा, दुकानात कलवाया पायजे," गोवर्धन बारीक आवाजात म्हणाला.

"तुझी मुंबईची लाँच बाजूनंच जाते," देवजी म्हणाला. "हितनं वरडून सांग."