ताईचे बाबा वर्गात येतात

आमच्या विद्यापीठात अपंग विद्यार्थ्यांसाठी मदत केंद्र आहे. ग्रंथालयाच्या तळमजल्यावर, उतारावरून आत शिरलं की डाव्या हाताची खोली. दाराला घंटा आहे, पण तिचा आवाज येत नाही. बटण दाबलं की आत पिवळा दिवा लुकलुकतो. कोपऱ्यात ब्रेल छापायचं यंत्र आहे. ते सुरू झालं की पत्र्यावर गारा पडल्यासारखा खडखडाट होतो आणि फोनवरचा माणूस विचारतो, "तुम्ही कुठून बोलताय?" मी तिथे पुस्तकं स्कॅन करते, म्हणजे ज्यांना दिसत नाही त्यांना ती संगणकावर ऐकता येतात. माझ्या समोरच्या टेबलावर बसते ती ताई. वयाने माझ्याहून चांगलीच लहान, पण मॅडमपासून शिपायापर्यंत सगळे तिला ताईच म्हणतात.

ताई खुणांच्या भाषेची दुभाषी. शिक्षक बोलतात ते ती बहिऱ्या मुलांना हातांनी सांगते आणि मुलं हातांनी विचारतात ते शिक्षकांना तोंडाने. ही भाषा ती कुठल्या वर्गात शिकली नाही. तिचे आईबाबा दोघंही जन्मापासून बहिरे. "मी आधी हातांनी बोलले, वाचा मागाहून फुटली," असं ती सांगते.

बाबा कापडाच्या गिरणीत मागावर होते. तिथे मागांचा इतका दणदणाट की शेजारी उभ्या माणसाचंही ऐकू येत नसे. मग बाकीचे कामगार हळूहळू बाबांच्याच खुणा शिकले. गिरणीच्या आत बाबांइतका बोलका माणूस नव्हता. पाळी संपली, फाटकाबाहेर पाऊल पडलं, की तीच माणसं तोंडाने गप्पा मारायला लागायची आणि बाबा सायकल घेऊन एकटे घरी यायचे.

घरी चार पाहुणे जमले तरी तेच. कुणीतरी काहीतरी बोले, सगळे पोट धरून हसत. बाबा विचारत, काय झालं? "काही नाही, नंतर सांगतो." तो 'नंतर' काही उगवत नसे. आई गेल्यावर आणि नोकरी संपल्यावर बाबा ताईकडे राहायला आले. दिवसभर खिडकीत बसून रस्ता बघायचे.

त्या वर्षी केंद्रात एक नवी मुलगी आली. बहिरी, आणि हात असे भराभरा चालायचे की पहिल्याच आठवड्यात तिचं नाव भिंगरी पडलं. तिला भूशास्त्र शिकायचं होतं. केंद्र चालवणाऱ्या आमच्या मॅडम स्वतः चाकाच्या खुर्चीवर असतात, आणि कुठल्याही अडचणीला त्या "बघू" म्हणत नाहीत, "कधीपर्यंत?" म्हणतात. त्यांनी भूशास्त्राच्या सरांना भेटून दोन गोष्टी सांगितल्या. एक, फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही, कारण भिंगरी ओठही वाचते. दोन, ताईला आदल्या दिवशी धडा द्यायचा.

सर कुरकुरले. "उभी हयात फळ्याशी बोलण्यात गेली, आता मुलांशी बोलू?" पण दुसऱ्या दिवशी वळून उभे राहिले.

खरा घोळ पुढेच होता. सर पडद्यावर चित्रं दाखवायला दिवे घालवायचे. दिवे गेले की ताईचे हात गेले, आणि ताईचे हात गेले की भिंगरी बाहेर! म्हणून मी केंद्रातला टेबलावरचा दिवा घेऊन वर्गात गेले. वायर आखूड, खुर्ची हलवली तर निघायची, तेव्हा मी ती धरूनच बसले. म्हणून ते माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

सगळा वर्ग काळोखात. उजेड फक्त ताईच्या दोन हातांवर. सर सांगत होते की जमिनीचे प्रचंड तुकडे सरकत असतात, एक दुसऱ्याच्या खाली शिरतो. ताईचा डावा हात सावकाश उजव्याखाली शिरायला लागला. उजव्या हाताची बोटं अडली, दबली, वाकली, आणि पेरं एकेक करत वर आली. तिथे डोंगर उभा राहिला. पडद्यावर रंगीत चित्र होतं, पण पडद्याकडे कुणीच बघत नव्हतं. ज्यांना चांगलं ऐकू येत होतं तीही मुलं त्या हातांकडे बघत होती. सरांची काठी पडद्यावर टेकायची ती हवेतच राहिली.

"असंच," ते हळूच म्हणाले. "अगदी असंच होतं ते."

इतकी वर्षं मी या हातांसमोर बसून नुसता डबा खाल्ला होता.

या विषयातल्या कित्येक शब्दांना खुणाच नव्हत्या. भिंगरी आणि ताई त्या बसून घडवायच्या, आणि ताई घरी सराव करायची. एकदा भाजी परतता परतता ती गॅस बारीक करून हात हलवत होती, तेव्हा बाबांनी बघितलं.

"हे काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

"डोंगर."

बाबांनी दोन्ही तळवे टेकवून टोक करून दाखवलं. डोंगर असा असतो.

"तो होतो कसा, ते सांगतेय. खालची जमीन सरकते म्हणून."

"कोण म्हणतं?"

"आमचे सर."

"चक्कर येत असेल त्यांना. औषध घ्यायला सांग."

पण सकाळी ताई उठली तर बाबा तिच्या खोलीच्या दारात उभे. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता हे तोंडावर दिसत होतं.

"जमीन सरकते, तर हे घर?"

"तेही."

"कुठे निघालंय?"

ताईला हसू आवरेना. "बाबा, नखं वाढतात ना, तेवढ्याच वेगाने. आपल्याला कळतही नाही."

त्या आठवड्यात बाबांनी नखं कापली नाहीत. दिवसातून दहादा बोटं डोळ्यांसमोर धरून बघत. मग म्हणाले, "मला तुझ्या वर्गात यायचंय."

ताईने संकोचत मॅडमना विचारलं, मॅडमनी सरांना. सर म्हणाले, "येऊ देत की, मागच्या बाकावर बसतील." हे कळल्यावर भिंगरी उसळली. "मागून हात दिसणार कसे? ते माझ्या शेजारी बसतील."

बाबा आले ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून, ओले केस चापून बसवून. वर्गाच्या दारात त्यांनी चपला काढल्या. ताईने खूण केली तेव्हा परत घातल्या, पण बाकाखाली पाय अगदी जुळवून बसले. त्या दिवशी सरांनी एक दगड सगळ्यांच्या हातात फिरवला. उंच डोंगराच्या माथ्यावरचा दगड, आणि त्यात शिंपला. बाबांच्या हातात आला तो पुढे जाईचना. ते त्याच्या कडांवरून अंगठा फिरवत राहिले. शिंपला समुद्राचा, सापडला डोंगरावर. म्हणजे डोंगर कधीकाळी समुद्राच्या तळाशी होता, हे ताईच्या हातांनी सांगितलं, तेव्हा त्यांचं तोंड उघडं पडलं ते तसंच राहिलं. लहान मुलासारखे ते एकदा दगडाकडे बघत, एकदा ताईकडे.

मग त्यांनी हात वर केला. ताई गोंधळली. वडिलांना "हात खाली" कसं सांगणार?

"विचारा ना," सर म्हणाले.

बाबांचे हात हलले आणि ताईने ते तोंडाने सांगितलं: "जमीन सरकते तेव्हा आवाज होतो का?"

सर टेबलाला टेकले. "सावकाश सरकते त्याचा नाही होत," ते म्हणाले. "धक्का बसतो तेव्हा होतो. पण त्यातला बहुतेक आवाज इतका खालचा असतो की माणसाच्या कानाला तो कळतच नाही. कुणाच्याच. तो पायांना कळतो."

ताईने हे बाबांना सांगितलं. बाबांनी मान डोलावली. "गिरणीत मला पायांनीच कळायचं कुठला माग बंद पडला ते," ते म्हणाले. मग त्यांनी वर्गावरून सावकाश नजर फिरवली, सगळ्यांकडे बोट दाखवलं, आणि एक छोटीशी खूण केली.

ताईला ते तोंडाने सांगताना हुंदका आला की हसू, तिलाच ठाऊक. "ते म्हणताहेत, म्हणजे इथे सगळेच बहिरे."

हास्याचा असा स्फोट झाला की शेजारच्या वर्गातलं कुणीतरी दार उघडून बघायला आलं. सर तर डोळे पुसत होते. बाबा या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होते. हसणारी माणसं त्यांनी जन्मभर बघितली होती, पण आज काय झालं हे कुणाला विचारायची गरज नव्हती. विनोद त्यांचाच होता.

पुढे ते सगळं सत्र आले. सगळंच काही त्यांना गोड लागलं असं नाही. खनिजांच्या सूत्रांना ते चक्क घोरायचे, आणि आपण घोरतोय हे त्यांना कळत नसल्याने वर्गाचे हाल व्हायचे. भिंगरीशी खुणांवरून कडाक्याचं भांडण व्हायचं. "ही खूण माणसाच्या हाताला झेपणारी आहे का? लग्नाआधी बोटं मोडून घेशील!" भिंगरी पाय आपटायची आणि खूण बदलायची.

सत्राच्या शेवटी सर मुलांना घाटात घेऊन गेले. रस्त्यासाठी डोंगर कापलेला, आत दगडाचे थर उघडे पडलेले, चुरगळलेल्या चादरीसारखे. ताई सवयीने मध्ये जाऊन उभी राहिली. पण भिंगरी सरळ बाबांसमोर गेली आणि तिने स्वतःच सांगायला सुरुवात केली. हा थर चिखलाचा, हा राखेचा, इथे सगळं वाकलं. ताई दोन पावलं मागे आली, माझ्याशेजारी दगडावर बसली आणि तिने डबा उघडला.

"आज मला कामच नाही गं," ती म्हणाली. घास हातातच धरून ती बघत होती. "मी लहानपणापासून बाबांना जग सांगतेय. दुकानात, दवाखान्यात, बँकेत. त्यांना कुणी थेट काही शिकवताना मी पहिल्यांदा बघतेय."

बाबांनी कड्यावर तळहात ठेवला. थोड्या वेळाने गालही टेकवला. सरांनी पोरांना घाई केली नाही.

याला आता बरीच वर्षं झाली. भिंगरी दुसऱ्या विद्यापीठात शिकवते, आणि तिच्या वर्गातही दिव्याची सोय आहे. बाबांचे गुडघे गेलेत. तरी दर आठवड्याला ते बहिऱ्या मंडळींच्या क्लबात जातात. तिथे त्यांच्याच वयाचे म्हातारे जमतात; कुणी शिंपी होता, कुणी सुतार. बाबा त्यांना पृथ्वी शिकवतात. मागच्या वेळी मी ताईबरोबर गेले होते. एका म्हाताऱ्याने उठून विचारलं, समुद्रात एवढं पाणी आलं कुठून? बाबांना उत्तर येत नव्हतं. त्यांनी खिशातून फोन काढून भिंगरीला व्हिडिओ कॉल लावला, आणि सगळी म्हातारी मंडळी एकमेकांच्या खांद्यांवरून माना काढत त्या एवढ्याशा पडद्यावर वाकली.